केस कापून आणा म्हणता, पण कायले? शाळा समितीले एका आजोबाचं खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती, तसंच मुख्याध्यापक साहेब,

नमस्कार.

तुमचा निरोप भेटला. लेखी नव्हता. सूनबाई लेकराला आणायला शाळेत गेली तेव्हा व्हरांड्यातच तिला सांगितलं की येत्या सोमवारपर्यंत याचे केस बारीक करून आणा, नखावरचा रंग काढा, पोरींच्या रांगेत उभं राहायची सवय घरूनच मोडून पाठवा, आणि जमत नसेल तर थोडे दिवस घरीच ठेवा. ती हो म्हणून घरी आली. चार माणसांसमोर, त्यातले दोन तिच्या सासऱ्याच्या वयाचे, ती दुसरं काय म्हणणार होती. पण तो हो घराचा नाही, म्हणून हे पत्र. उघड यासाठी लिहून राह्यलो की गोष्ट तशीही झाकून राहिली नाही, पानठेल्यावर हाय, चक्कीवर हाय, कापूस वेचायला जाणाऱ्या ऑटोत हाय, फक्त आमच्या तोंडून तेवढी कोणी ऐकली नाही.

मी कोण ते गावाला माहीत हाय, नव्या गुरुजींसाठी सांगतो, एसटीत कंडक्टर होतो, सारी नोकरी यवतमाळ जिल्ह्याच्या रस्त्यावर गेली, मधात काही वर्षं भंडाऱ्याकडे. डॉक्टर नाही, वकील नाही. रिटायर झाल्यापासून लेकरू माझ्याच मांडीवर वाढलं, म्हणून बोलायचा हक्क समजतो.

लेकरू आता दुसरीत हाय. तीन-साडेतीन वर्षांचं होतं तेव्हा माझा दुपट्टा, उन्हात डोक्याला बांधतो तो पांढरा, डोक्यावरून मागं सोडायचं, त्याचे तीन पदर करून वेणी घालायचं आणि टोकाला रबर लावून द्या म्हणून माझ्याच मागं लागायचं. वेचणीच्या दिवसात त्याची आजी आणि बाकी बाया कंबरेला ओटी बांधतात तशी यालाही पाहिजे, बांधून दिली की दिवसभर त्या बायांमधी, बोंडातून कापूस काढताना मनगट कसं वळवायचं तेही त्यांच्यासारखंच. पोट्ट्यांमधी खेळायला पाठवलं तर जाते, गोट्या तर लय भारी खेळते (हे मात्र कोणी सांगत नाही बरं का), पण खेळतानाही "मी जिंकली", "मी आली", आणि पोट्टे हसतात. घरी त्याच्या आजीनं समजावलं, बाबू, आली नाही, आलो म्हण. लेकरू तिच्याकडे असं पाहे जसं काही आजीलेच बोलता येत नाही.

भुलाबाईच्या दिवसात, भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत, पोरींसोबत घरोघरी फिरायचं, सगळी गाणी पाठ, खिरापत ओळखण्यात एक नंबर, आणि तेव्हा तुमच्याच घरच्या बाया त्याला जवळ घेऊन म्हणायच्या, बाई बाई काय गोड गाते हे पोट्टं. पहिलीत गेलं, जरा उंची वाढली, अन् तेच कौतुक खटकायला लागलं. लेकरू तेच हाय, पाहणारे बदलले.

गावानं कारणंही शोधून ठेवली. एक म्हणे घरात बाया जास्त म्हणून. अहो, माझ्या बापाच्या घरात सात बहिणींत मी एकटा वाढलो, मले तर काही झालं नाही. दुसरा म्हणे मोबाईल. ते दुपट्ट्याची वेणी घालत होतं तेव्हा आमच्या घरी बटणाचा फोन होता, त्यात साप फिरायचा अन् बॅटरी दिसायची. तिसरा म्हणे आजोबानं लाडावलं. लाडावलं, मान्य, सगळीच नातवंडं लाडावली, बाकीचे काऊन असे नाही मग?

आणि एकानं सांगितलं बाहेरचं लागलं हाय, अमक्या बाबाकडे न्या, तो मिरच्यांची धुरी देते, दोन अमावस्यात सरळ होते. त्याचं नाव घेत नाही. पण महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा हाय, आणि भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी देणं हे त्यात शब्दानिशी लिहिलेलं हाय, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, आणि साथ देणारालाही सूट नाही. सात वर्षांच्या लेकराच्या नाकातोंडात मिरचीचा धूर, हे सुचवणारा माणूस वर मलेच म्हणते की तुमच्या घरचे संस्कार कमी पडले.

आता माझ्या मुलाचं सांगतो, आणि हे त्याला विचारूनच लिहून राह्यलो. सगळ्यात जास्त त्रास त्याला झाला. आधी बॅट आणली, मग प्लास्टिकची बंदूक, मग सायकल. लेकरानं सायकलच्या हँडलला रिबिनी बांधल्या. मग पानठेल्यावर कोणी काही बोललं असंल, बाजाराच्या दिवशी लेकराला उचललं, न्हाव्याकडे नेलं आणि टक्कल करून आणलं. लेकरू रडलं नाही. घरी आलं, टॉवेल डोक्यावर घेतला, आणि त्यानंतर कितीतरी दिवस तो टॉवेल उतरवलाच नाही, झोपतानाही नाही. रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं, जे कधीच बंद झालं होतं. शाळेत बोलणं बंद. गुरुजी, तुम्हीच तेव्हा विचारलं होतं की हे आधी पाढे खणखणीत म्हणायचं, आता मुकं का बसते. आणि त्याच दिवसांत पानठेल्यावर माझ्या मुलाची पाठ थोपटून म्हणत होते, पाहा, आलं ना लाइनीवर.

एका रात्री लाइट गेली होती, ओसरीत आम्ही दोघंच. तो म्हणाला, बाबा, मले त्याचा राग नाही येत, मले धाक भरते, मी मेल्यावर याले कोण पाहील, दीड एकर वावर अन् गावाचं हे तोंड. तेव्हा मले कळलं की पोट्ट्याचे केस यानं भीतीपायी कापले. बहुतेक बापांचं असंच असते, मार दिसते बाहेरून, आत नुसती भीती असते, आणि ती भीती लेकरानं घातलेली नसते, तुम्ही आम्ही घातलेली असते.

सूनबाई हुशार निघाली. तिनं भांडण केलं नाही, एक दिवस लेकराला घेऊन जिल्ह्याला सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीत गेली, दुसऱ्या खेपेला नवऱ्याला घेऊन गेली, तिसऱ्या खेपेला मी स्वतःच मागं लागून गेलो. तिथल्या मॅडमनं जे सांगितलं ते तुम्हाला सांगतो, कारण सोमवारपर्यंत केस कापा म्हणणाऱ्या एकानंही हे कोणाला विचारलं नसंल.

लेकराला तिसऱ्या वर्षाच्या आसपास आपण पोरगा की पोरगी हे सांगता येते, आणि कपडे बदलले, केस कापले म्हणून ते बदलत नाही ही समज सहा-सात वर्षांपर्यंत पक्की होते. आता काही पोरं बांगड्या घालतात, काही पोरी झाडावर चढतात, ती नुसती आवड, त्यात काही आजार नाही न् काही नाही. काही थोडी लेकरं मात्र आवडीच्या पुढं जाऊन सांगतात की मी हे नाहीच, मी ते हाय, आणि रोज सांगतात, वर्षानुवर्षं सांगतात. लेकराला काय आवडते ही एक गोष्ट, ते स्वतःला कोण समजते ही दुसरी. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांची नवी यादी २०१९ मध्ये मंजूर केली, १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात ही गोष्ट मानसिक आजाराच्या भागातून काढून टाकली हाय. आणि लहान लेकराबद्दल तर त्यात असं हाय की नुसतं वागणं किंवा आवड पाहून शिक्का मारायचा नाही, साधारण दोन वर्षं तरी टिकून असलं पाहिजे.

माझ्या मुलानं विचारलं, मॅडम, गोळी काही? त्या म्हणाल्या, एवढ्या लहान लेकराला या गोष्टीसाठी गोळी नाही, इंजेक्शन नाही, ऑपरेशनचं तर नावच काढू नका, वयात येईपर्यंत डॉक्टरानं औषध द्यावं असं यात काहीच नाही, फक्त मारू नका, लाजवू नका, ऐका, आणि अधूनमधून दाखवायला आणा. पुढं काय होईल? काही लेकरं मोठी होऊन जन्माच्या वेळी लिहिलं तेच राहतात, काही नाही राहत, आज याच्याबद्दल छातीठोक कोणीच सांगू शकत नाही. म्हणून आम्ही गावात काही जाहीर केलेलं नाही. नाव तेच, दाखला तोच. ते मी आली म्हणते तर म्हणू देतो, उद्या मी आलो म्हटलं तरी कोणी पेढे वाटणार नाही. घाई आमच्या घराला नाही, समितीला कायची पडली?

आणि कोणी म्हणंल की आमच्या ओळखीचा डॉक्टर हाय, तो शॉक देऊन का काय देऊन बरोबर करते, तर तेही ऐकून घ्या. मद्रास हायकोर्टानं २०२१ मध्ये असे 'सरळ करायचे' उपचार बंद करा म्हणून सांगितलं आणि त्यानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सगळ्या राज्यांच्या मेडिकल कौन्सिलला कळवलं की असा उपचार करणं हे डॉक्टराचं गैरवर्तन धरलं जाईल.

संस्कृतीचं म्हणाल तर तेही बोलू. आपल्याच गावात म्हाताऱ्यांची नावं पाहा, नथू किती हायेत. आधीची लेकरं दगावली की पुढच्या पोराचं नाक टोचायचे, नथ घालायचे, पोरगी समजून नजर लागू नये म्हणून. कोणाच्या घरी पोराचा फ्रॉक घातलेला, काजळाची तीट लावलेला फोटो नाही? जावळ काढेपर्यंत वेण्या घालता की नाही? भंडाऱ्याकडे ड्युटी होती तेव्हा रातभर दंडार, म्हणजे तिकडचं लोकनाट्य, पाहिली, बाईचं काम पुरुषच करायचा, लुगडं नेसून, आणि सकाळी पहिल्या गाडीनं तोच माणूस धोतरात माझ्याकडून तिकीट घ्यायचा, लोक उठून जागा द्यायचे. तवा कोणाचं नाक कापलं गेलं नाही.

पोरीच्या बाबतीत तर आपला न्याय अजूनच गमतीचा. तान्ह्या पोळ्याला आपल्या आळीतली एक पोरगी केस बारीक, हाफ चड्डी, लाकडी नंदी घेऊन सगळ्यांच्या पुढं, तिचा बाप छाती फुगवून सांगते, पोरगी नाही, वाघ हाय माह्या. सगळे शाबास म्हणतात. मी पण म्हणतो, पोरगी खरंच धीट हाय. पण पोरगी पोरासारखी वागली तर वाघ, आणि पोरगा पोरीसारखा वागला तर घराचं नाक कापलं, म्हणजे मनात पोरीची किंमत काय ते आपोआप दिसलं ना. आणि तिलाही अजून चार-पाच वर्षं, मग तिलाही सांगाल की आता पुरे, ओढणी घे. तिच्या बापानं हे वाचून माझ्यावर रागवावं, चालते, पण विचार करावा.

तुमच्यातल्या एका सदस्याची काळजी अशी की असं चालू दिलं तर 'ते लोक' येऊन लेकराला घेऊन जातील. यावर मले जरा जास्त बोलायचं हाय, कारण ते लोक माझ्या गाडीत रोज बसायचे. एक बाई होती, बाईच म्हणतो, साडी, मोठं कुंकू, आवाज जाड. महिन्या-दोन महिन्यांतून यायची, तिकीट एका फाट्यापर्यंतचं काढायची, गावापर्यंतचं कधीच नाही, गाव फाट्यापासून आत दोन-तीन किलोमीटर. फाट्यावर कडूनिंबाखाली एक म्हातारी उभी असायची, हातात फडक्यात बांधलेला डबा. दोघी तिथंच झाडाखाली बसायच्या, म्हातारी तिला जेवताना पाहायची, आणि आमची गाडी पुढं जाऊन परत आली की तिला घेऊन जायची. ड्रायव्हर चांगला होता, हॉर्न न देता थांबायचा. एकदा मी विचारलं, गावात काऊन जात नाही? म्हणाली, बापानं नववीत असताना बैलाच्या कासऱ्यानं मारलं, काका, त्या रात्रीच निघाली, नागपूरच्या स्टेशनवर जे पहिले भाकर देणारे भेटले त्यांच्यासोबत राहिली. तिला कोणी घरात घुसून उचलून नव्हतं नेलं. दार आतूनच उघडून दिलेलं होतं. त्यानंतर एसटीत टाळी वाजवणारं कोणीही चढलं की माझ्या मनात पहिला प्रश्न तोच यायचा, हिचा फाटा कोणता.

तर लेकरू जाईल ही भीती खरी असंल तर त्याला घरात आणि शाळेत राहण्यासारखं ठेवा. कायदाही तेच म्हणते, २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्कांच्या कायद्यात कलम १२ हाय, अशा कारणावरून लेकराला आईबापापासून तोडता येत नाही, कोर्टानं लेकराच्या हितासाठी सांगितलं तरच. आणि त्याच्याही आधी १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की माणूस स्वतःला काय समजते ते त्यानंच ठरवायचं. हे काही मुंबई-दिल्लीपुरतं नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ गावानं २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला सरपंच म्हणून निवडून दिलं. जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुकला अंजली पाटील यांचा बाई म्हणून भरलेला अर्ज बाद केला होता, त्या हायकोर्टात गेल्या आणि जानेवारी २०२१ ला ग्रामपंचायतीत निवडून आल्या. तीही आपल्यासारखीच गावं हायेत, तिथंही पानठेले असतीलच.

शाळेचं म्हणाल तर २००९ चा शिक्षण हक्क कायदा तुमच्या मिटिंगच्या फाइलीत पहिल्या पानाला लावलेला हाय, मी पाहिलाय. कलम १६, आठवीपर्यंत लेकराला शाळेतून काढता येत नाही, आणि 'थोडे दिवस घरीच ठेवा' हे काढणंच झालं, फक्त कागद नाही केला. कलम १७, मारायचं नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही. प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर पोरींच्या रांगेतून हात धरून ओढून काढणं, आणि बाकी पोट्टे हसत असताना गुरुजींनीही हसणं, हे कलम १७ मध्ये बसते की नाही ते मिटिंगमध्ये मोठ्यानं वाचून ठरवा.

गुरुजींवर माझा सगळा राग नाही. त्यांना तरी कोणी शिकवलं? एनसीईआरटीनं २०२१ मध्ये नेमकी याच विषयावर शिक्षकांसाठी एक पुस्तिका काढली होती, तिच्यावर ओरड झाली आणि थोड्याच दिवसांत वेबसाइटवरून उतरवली. म्हणजे शिकवायची वेळ आली की वरचे पुस्तिका लपवतात, आणि खाली दुसरीच्या वर्गात एकटे गुरुजी, समोर चाळीस पोरं, त्यात एक असं. मले समजते. गटशिक्षणाधिकारी साहेबांनाही या पत्राची कॉपी देऊन राह्यलो, केंद्राच्या शिक्षण परिषदेत एखादा तास या विषयाला द्या म्हणून, जिल्ह्याच्या दवाखान्यातून कोणी बोलवा, चहाचा खर्च मी देतो.

आता काय पाहिजे ते सांगतो. केसाचा निरोप मागं घ्या, तोंडी दिला तसा तोंडी घेतला तरी चालते, पण व्हरांड्यातच, सूनबाईसमोर. शाळेत त्याला जे नाव ठेवलं हाय, मी ते इथं लिहीत नाही, ते वर्गात कोणी घेतलं तर गुरुजींनी तिथंच थांबवावं, पुढं पोट्टे आपोआप थांबतात, पोट्टे मोठ्यांच्या तोंडाकडे पाहूनच हसतात. रांग उंचीप्रमाणे लावा, सगळ्यांचीच, भांडणच मिटते. दिवाळीनंतरच्या गॅदरिंगमध्ये त्याला नाचायचं असंल तर नाचू द्या, नसंल तर नको, त्याला स्टेजवर चढवून गावाला काही दाखवायचं नाही. अन् शाळेत तपासणीची गाडी येते वर्षातून, दात-डोळे पाहणारी, तिच्यातल्या डॉक्टरांसमोर लेकराचा तमाशा करू नका, काही विचारायचं असंल तर आईबापाला बाजूला घेऊन विचारा. आईबापांपैकी कोणाच्या घरी असंच काही असंल आणि मनात घोळत असंल तर १४४१६ नंबर हाय, टेलिमानस, मनाच्या त्रासावर फोनवर सल्ला देणारी सेवा, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात.

आणि एक गोष्ट हाय जिला मिटिंग लागत नाही. लेकरू सकाळी घरून निघाल्यावर संध्याकाळी घरी येईपर्यंत लघवीला जात नाही. पोरांच्या मुतारीत मोठे पोट्टे घेरून चिडवतात, पोरींच्या बाजूला मॅडम जाऊ देत नाहीत. पाणीच पीत नाही, बाटली जशीच्या तशी परत येते, उन्हाळ्यात पोट दुखते म्हणून रडत आलं तेव्हा त्याच्या आईला समजलं. शाळेत दिव्यांग मुलांसाठी म्हणून बांधलेलं एक चांगलं संडास हाय, रॅम्प हाय, आतून कडी हाय, बांधल्यापासून कुलूप हाय, आत झाडू अन् चुन्याचं पोतं ठेवलेलं हाय. चावी मुख्याध्यापक साहेबांच्या ड्रॉवरमध्ये. पोतं मी स्वतः येऊन उचलून ठेवतो. ज्याला लागंल त्याला वापरू द्या, फक्त आमच्याच लेकराला नाही, नाहीतर तेही त्याच्या नावाचं होऊन जाईल. केसाचं, रांगेचं, गॅदरिंगचं तुम्ही मिटिंगमध्ये बोला, भांडा, मी येतो. कुलूप तेवढं उद्या उघडा.

आपला,
लेकराचा आजोबा
(रिटायर्ड कंडक्टर)